हिवाळ्यात मित्रांसोबत माउंटन बाइक राइड: कोणी थंडीत उभं राहणार नाही अशी आखणी

हिवाळ्यातल्या ज्या राइड माझ्या मनातून उतरल्या, त्या सगळ्या थांब्यावर बिघडल्या होत्या. त्यातली एक चांगली लक्षात आहे. आम्ही नऊ जण होतो. पहिला अर्धा तास झकास गेला, एक लांब चढ झाला, सगळे घामाघूम. तेवढ्यात एकाचं मागचं चाक बसलं. पंप एकाकडे, ट्यूब दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा पुढे निघून गेलेला. पंचवीस मिनिटं आम्ही उघड्या माथ्यावर वाऱ्यात उभे राहिलो. चाक दुरुस्त झालं तोवर दोघांची बोटं इतकी बधिर झाली होती की ब्रेकचा लिव्हर नीट ओढता येईना. उतार सायकली हातात धरून चालत उतरावा लागला.

यामागचं कारण समजलं की पुढची सगळी तयारी आपोआप सुचते. पेडल मारताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिच्यातली जेमतेम २० ते २५ टक्के चाकापर्यंत पोचते. बाकीची उष्णता होते. चढावर पेडलवर २०० वॉट लावणारा माणूस ६०० ते ८०० वॉट उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो. तोच माणूस नुसता उभा राहिला की काही मिनिटांत ही उष्णता १०० वॉटच्या आसपास येते. कपडे मात्र घामाने भिजलेलेच राहतात, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून हिवाळ्यात ऊब टिकते ती चालत्या चाकावर. गट, वाट, सायकल, कपडे, सगळं ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: यामुळे कोणाला किती वेळ उभं राहावं लागेल?

आधी माणसं आणि वाट

चार ते सहा जण, त्याहून जास्त नकोत. माणूस वाढला की बिघाडांची शक्यता वाढते, आणि प्रत्येक बिघाडाला थांबणारेही वाढतात. जास्त जण येणार असतील तर सरळ दोन गट करा आणि शेवटी एकत्र भेटा. गट वेगाप्रमाणे पाडायचे की मैत्रीप्रमाणे, यावर आमच्यात वाद झाले आहेत. थंडीत वेगाप्रमाणे पाडावेत असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात मागे राहणाऱ्याची वाट पाहणं हा गप्पांचा वेळ असतो, थंडीत ती शिक्षा होते. तीही दोघांना: पुढचा कुडकुडतो, आणि मागचा अपराधी वाटून दम न घेता पळत राहतो.

वाट निवडताना एका मोठ्या फेरीपेक्षा दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या. सुरुवातीच्या जागेवरून पुन्हा पुन्हा जाणारी इंग्रजी आठच्या आकाराची वाट सगळ्यात चांगली. कोणाचे पाय ओले झाले, कोणाचा गिअर अडकला, तर तो पहिल्या फेरीनंतर थांबू शकतो आणि बाकीच्यांची राइड मोडत नाही. सुके मोजे, जाडी जाकिटं, मोठा पंप हे सगळं तिथेच ठेवता येतं. ओळखीची जवळची ट्रेल (सायकलची रानवाट) हिवाळ्यात खरी कामाला येते, कारण कुठे पाणी साचतं, कुठली मुळं ओली राहतात, कुठून लवकर रस्त्याला लागता येतं हे ठाऊक असतं. नवी वाट शोधायला हा ऋतू नव्हे.

चाकावरचा वेळ दीड ते दोन तास धरा. चिखलात तेच अंतर कापायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दम लागतो, म्हणून किलोमीटरवर आखणी करू नका, घड्याळावर करा. परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. त्या वेळेला कुठेही असलात तरी परत फिरायचं. निघण्याची वेळही पक्की हवी. दहा मिनिटं उशिरा येणारा माणूस हिवाळ्यात चार जणांना दहा मिनिटं गारठवतो, एवढं आधी प्रेमाने सांगून ठेवलं की पुरतं.

माती काय म्हणते ते पाहा

थंड प्रदेशात रात्री जमिनीतलं पाणी गोठतं. गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि मातीचे कण एकमेकांपासून दूर ढकलतं. सकाळी ऊन लागलं की वरचे दोन बोटं वितळतात, खालचा थर मात्र गोठलेलाच असतो. मग वरच्या पाण्याला झिरपायला जागा उरत नाही. वरून साबणासारखी निसरडी, आतून दगडासारखी टणक अशी ही माती चालवायला वाईट असते. त्याहून वाईट म्हणजे अशा वेळी पडलेला चाकाचा चर नंतर वाळून तसाच राहतो, आणि पुढच्या पावसात त्यातूनच पाणी वाहून वाट खचते.

उपाय सोपा आहे. रात्री शून्याखाली गेलं असेल तर पहाटेच, जमीन कडक असतानाच राइड उरका. नाहीतर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. खडकाळ आणि वालुकामय वाटा पावसानंतर लवकर सावरतात, चिकणमातीच्या वाटांना वेळ लागतो. उन्हाकडे तोंड असलेला उतार आधी सुकतो, दाट सावलीतला दिवसभर ओला राहतो. ट्रेलच्या सुरुवातीला दहा-वीस मीटर चालवून मागे वळून पाहा. चाकाचा ठसा खोल उमटला असेल, टायरला मातीचे गोळे चिकटत असतील, तर त्या दिवशी टणक कच्च्या रस्त्याने जा. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन १९८८ पासून ट्रेलच्या वापराबद्दल जे नियम सांगत आली आहे, त्यांत मागे खुणा न ठेवण्याचा नियम आहेच. मध्ये डबकं आलं तर त्यातून सरळ जायचं. कडेने गेलात की वाट दर आठवड्याला वीतभर रुंद होत जाते, आणि सिंगलट्रॅकचा, म्हणजे एका सायकलपुरत्या वाटेचा, रस्ता होतो. आपल्याच ट्रेलवर आपल्याला पुढच्या हंगामातही यायचं आहे.

आदल्या संध्याकाळी सायकल

टायरपासून सुरुवात करा, कारण थांबे तिथेच जास्त होतात. घरात २० अंशांना २५ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली आणि बाहेर शून्य अंश असेल, तर ट्रेलवर टायरमध्ये २२ च्या थोडीच वर हवा उरते. गळती नसतानाही. थंडीत हवा आकसते, आणि आकसते ती एकूण दाबाच्या प्रमाणात. गेजवर दिसतो तो फक्त वातावरणाच्या वरचा दाब, म्हणून गेजवरची घट अंदाजापेक्षा जास्त वाटते. या दाबाच्या टायरला दर १० अंशांच्या घटीमागे सव्वा ते दीड पीएसआय कमी होतं असं धरून चाला. निसरड्या जमिनीवर पकडीसाठी हवा एक-दोन पीएसआय कमी ठेवायची असतेच. ती कपात आणि थंडीने केलेली कपात एकत्र झाली, तर रिम दगडावर आपटून ट्यूब चिमटते. म्हणून शेवटचा दाब बाहेर, थंड हवेत, निघण्याआधी दहा मिनिटं मोजा.

हाच हिशोब एअर फोर्कलाही, म्हणजे पुढच्या चाकाच्या हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनलाही, लागू आहे. ८० पीएसआयच्या फोर्कमध्ये याच फरकाने ६ पीएसआयहून जास्त घट होते, म्हणजे फोर्क नेहमीपेक्षा खोल बसतो. शिवाय आतलं तेल घट्ट झाल्यामुळे तो सावकाश परत वर येतो. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, एक-दोन क्लिक मोकळा करा आणि पहिल्या पाच मिनिटांत हात काय सांगतात ते ऐका.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर असतील तर चाक कानाशी धरून हलवा. आत सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) खळखळल्याचा आवाज आला पाहिजे. साधारण दोन ते सहा महिन्यांत ते सुकतं, आणि उन्हाळ्यात घातलेलं सीलंट हिवाळ्यापर्यंत बहुतेक वेळा संपलेलं असतं. काही सीलंट कडाक्याच्या थंडीत गोठतात, तेव्हा डब्यावर लिहिलेलं किमान तापमान वाचा. चिखलासाठी नॉब (टायरवरचे उंचवटे) उंच आणि दूर-दूर असलेला टायर निवडा. नॉब जवळजवळ असले की मधे माती भरते आणि टायर गुळगुळीत होतो. दोन टायर बदलायची सोय नसेल तर पुढचा एकच बदला. मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस पडतोच.

ब्रेकचे पॅड काढून पाहा. ओल्या वाळूत ऑरगॅनिक पॅड फार लवकर झिजतात, धातूमिश्रित सिंटर्ड पॅड टिकतात. जाडी १ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर आत्ताच बदला, ट्रेलवर नव्हे. चेनला ओल्या हवामानाचं वंगण थेंब-थेंब घाला आणि वरचं पुसून काढा, कारण बाहेर राहिलेलं तेल वाळू धरून ठेवतं. चेन मोजायचं साधन असेल तर ११-१२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के झीज ही बदलायची खूण आहे. मडगार्ड लावा, विशेषतः मागे. कंबर आणि बैठक कोरडी राहिली की राइडचा शेवटचा अर्धा तासही आवडतो.

निघताना थोडं गारठलेलं बरं

घरातून बाहेर पडताना अंग छान उबदार वाटत असेल, तर तुम्ही एक कपडा जास्त घातला आहे. पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजलीच पाहिजे. चढाला लागलात की ती जाते, आणि घाम कमी येतो. थांब्यावर हाच कमी आलेला घाम तुम्हाला वाचवतो.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर सोडणारं कृत्रिम कापड हवं. सुती बनियन घरी ठेवा, ते घाम शोषतं आणि सोडत नाही. वर एक पातळ उबदार थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, तेही पूर्ण चेन असलेलं, म्हणजे चढावर उघडता येतं. वाऱ्याचं गणित करून पाहिलं की या जाकिटाचं महत्त्व कळतं: ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरने उतरताना उघड्या कातडीला ते शून्य अंशांसारखं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा कपडा मात्र अंगावर नसतो, पाठीवरच्या पिशवीत असतो. थांब्याचं जाकीट. जाड, हलकं, बाकी सगळ्यावरून घालता येईल असं सैल. चाक थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आत ते चढवायचं. थंडी वाजल्यावर घातलेलं जाकीट उशिरा पडतं, कारण ते ऊब तयार करत नाही, असलेली राखतं.

हातांसाठी दोन जोड ठेवा: चढाला पातळ हातमोजे, उताराला जाड. पातळ भिजतात ते भिजू देत. पायात मात्र जाड मोज्यांचा मोह टाळा. बुटात पाय आवळला गेला की रक्त कमी पोचतं आणि जाड मोज्यातच बोटं गारठतात. बोटं हलवता आली पाहिजेत, मग मोजा पातळ असला तरी चालतो. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी घाला, आणि ती घालून हेल्मेटचा पट्टा पुन्हा बेताचा करा.

पाण्याच्या पिशवीची नळी शून्याखाली आधी गोठते. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी परत पिशवीत ढकललं तर ती मोकळी राहते. बाटली असेल तर कोमट पाणी भरा. थंडीत तहान कमी लागते, म्हणून दर वीस मिनिटांनी आठवणीने प्या. खाण्याचं काहीही बाहेरच्या खिशात ठेवू नका, दाताला लागेल इतकं कडक होतं.

दिव्यांबद्दल थोडक्यात. परतायची वेळ अंधारापूर्वीची असली तरी दिवा जवळ हवाच. लिथियम-आयन बॅटरी थंडीत कमी वेळ चालते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या वेळेचा भरवसा धरू नका. अंधारातच जायचं असेल तर एक दिवा हँडलवर आणि एक हेल्मेटवर. हँडलवरच्या दिव्याने खड्ड्यांच्या सावल्या दिसतात, हेल्मेटवरच्याने वळणापलीकडचं दिसतं. समोरून कोणी आलं तर हेल्मेटचा दिवा खाली वळवा. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. गोठलेली बॅटरी घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

ट्रेलवर: पुढचा, मागचा आणि मधले

सगळ्यात पुढे वाट ठाऊक असलेला, सगळ्यात मागे दुरुस्ती येणारा. मागच्याकडे पंप, ट्यूब, चेन जोडायची क्विक लिंक आणि मल्टिटूल असेल, तर बिघाड कोणाचाही झाला तरी सामान आपसूक त्याच्यापाशी पोचतं. आमच्या त्या माथ्यावरच्या राइडला एवढीच गोष्ट चुकली होती.

भेटायचं फक्त फाट्यांवर. फाटा आला की पुढचा थांबतो, माणसं मोजतो, पुढे जातो. वाऱ्यावरच्या फाट्याऐवजी त्याच्या अलीकडे-पलीकडे आडोसा किंवा ऊन असेल तिथे थांबा. शेवटचा आला की त्याला विचारा, "निघूया की एक मिनिट हवाय?" त्याला दम खाऊ द्या, पण दोन मिनिटांच्या वर नको.

लांब चढावर माझी सगळ्यात आवडती पद्धत अशी: जो वर पोचला तो उभा राहत नाही. वाट रुंद असेल आणि समोरचं स्पष्ट दिसत असेल, तर तो हळू परत खाली येतो, शेवटच्या मित्राला गाठतो आणि त्याच्यासोबत पुन्हा चढतो. जोरकस माणसाचा व्यायाम होतो, मागच्याला सोबत मिळते, आणि कोणीही थंडीत उभं राहत नाही. चढाच्या निम्म्यात बरोबर आलेला मित्र "चल, हे वळण झालं की सपाट आहे" असं म्हणतो, तेव्हा पायांत जो जोर येतो तो एकट्याच्या राइडमध्ये मला कधी मिळाला नाही. एकदिशा ट्रेलवर किंवा अरुंद सिंगलट्रॅकवर हे करू नका. तिथे वरच्या टोकाला छोट्या चकरा मारत राहा.

उतारावर अंतर दुप्पट ठेवा. ओल्या डिस्कचा ब्रेक पहिल्या क्षणी कमी लागतो. पुढच्याला काही दिसलं तर त्याने ओरडून सांगायचं: मूळ, बर्फ, झाड पडलंय. प्रत्येकाने ते मागे पोचवायचं.

मुळांवरून जाताना ती शक्य तितकी काटकोनात ओलांडा, आणि ब्रेक त्यांच्या आधी संपवा. ओल्या मुळावर ब्रेक किंवा हँडल यांपैकी काहीही चाललं तर चाक मुळाच्या दिशेने घसरतं. तिरकी मुळं टाळता येत नसतील तर पुढचं चाक जरा हलकं करून त्यांवरून न्या. चिखलात नेहमीपेक्षा एक गिअर जड ठेवून सावकाश, गोल पेडल मारा. हलक्या गिअरवर झटका बसला की चाक जागेवर फिरतं. चढावर पेडलवर उभं राहू नका, बसून वजन मागच्या चाकावर ठेवा. पडलेल्या पाल्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून पाल्यात वळायचं असेल तर वेग आधीच कमी. बर्फाचा पातळ थर लागला तर काहीच करू नका: पेडल नाही, ब्रेक नाही, हँडल सरळ, नजर पलीकडच्या कोरड्या जमिनीवर. पलीकडे जमीन दिसतच नसेल तर उतरा आणि चाला. उतारांसाठी सीट खाली घ्या. ड्रॉपर पोस्ट (बटणाने सीट खाली-वर करणारी दांडी) थंडीत सुस्तावते, तेव्हा तिला एक क्षण आधी सूचना द्या.

पंक्चर झालं तर

एका घरी बसून याची कवायत एकदा करा. चाक बसलं की सगळे आधी जाकीट चढवतात, मग बोलतात. दोघे दुरुस्तीला: एक चाक काढतो, दुसरा ट्यूबमध्ये तोंडाने थोडी हवा भरून ती तयार ठेवतो. ट्यूबलेसला आधी प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) लावून पाहा, दोन मिनिटांत काम होतं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर दहा मिनिटांनी सगळं पुन्हा. बाकीचे तोवर जवळच चालत राहतात, हात गोल फिरवतात. जोराने फिरवलेल्या हातांत बोटांपर्यंत रक्त ढकललं जातं, आणि दुरुस्ती करणाऱ्याची बोटं आखडली की अदलाबदल करता येते.

टायर भरायला पंपाऐवजी गॅसचं काडतूस (कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी) वापरत असाल तर उघड्या हाताने धरू नका, रिकामं होताना ते कातडी चिकटेल इतकं थंड होतं. कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून घरी आल्यावर तो काढून पंपाने साधी हवा भरा. पाच-सात मिनिटांत जमलं नाही तर हट्ट सोडा आणि सगळ्यांनी मिळून जवळच्या रस्त्याकडे चालायला लागा. चालताना ऊब टिकते.

कोणाला थंडी भिनतेय का

हे एकमेकांकडे पाहूनच कळतं, स्वतःला कळत नाही. बडबड्या मित्र गप्प झाला, बोलताना शब्द अडखळू लागले, साध्या वाटेवर तोल जाऊ लागला, जाकिटाची चेन ओढताना हात चुकू लागले, तर राइड तिथेच संपवा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जोरात कुडकुडणं हे शरीर झुंजत असल्याचं लक्षण आहे. कुडकुडणं थांबलं आणि माणूस झोपाळू झाला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, ताबडतोब मदत बोलावा. तोवर वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे बदला, थंड जमिनीवर बसवू नका, पिशव्या-जाकिटं खाली घाला. पूर्ण शुद्धीत असेल तर गोड, कोमट पेय द्या. दारू अजिबात नको, आणि हातपाय चोळू नका.

परत आल्यावर

आधी माणूस, मग सायकल. गप्पा कितीही रंगल्या तरी ओला शर्ट पहिल्या दोन मिनिटांत अंगातून निघाला पाहिजे. कोरडा शर्ट, कोरडे मोजे, टोपी, आणि मग उभं राहून हवं तेवढं बोला.

सायकल धुताना पाण्याचा जोरदार फवारा हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून तिथे पाणी शिरतं. बादली, मऊ ब्रश आणि साधी धार पुरते. चेन फडक्याने कोरडी करून लगेच तेल घाला, सकाळपर्यंत ठेवली तर गंज दिसतो. हे तेल डिस्कवर उडू देऊ नका. बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा आणि तासाभराने बोळे बदला. वापरलेली ट्यूब, प्लग, काडतूस यांच्या जागी नवं सामान त्याच रात्री पिशवीत टाका, आणि कोणाचे पॅड संपत आलेत, कोणाचं चाक आवाज करतंय हे गटाला कळवून टाका, म्हणजे पुढच्या राइडच्या सकाळी कोणाला दारात पाना शोधत बसावं लागणार नाही.